माझ्या मोरीचा ढाळ

३ जानेवारी १९९६

मोरीवरून भांडण झालं. वर्षाची सुरुवात झकास.

राजेंद्र नगरच्या बाजूला पंचू जी मल्टी, म्हणजे फ्लॅटांची बिल्डिंग, बांधतोय, तिच्यात ठेक्याच्या बदल्यात आम्हाला एक फ्लॅट मिळणार आहे. दुसरा मजला. पंचू म्हणजे पंचशील, माझ्याच पोटचा, पण आता ठेकेदार. कमरेला पेजर लावतो. तो वाजला की सुटलेल्या कोंबडीमागे धावावं तसा पीसीओकडे धावतो. तर फ्लॅटला दोन मोऱ्या. एक त्याच्या खोलीला चिकटलेली, तिला अटॅच म्हणायचं. दुसरी आम्हा म्हातारा-म्हातारीची. मी म्हटलं, दुसरीचा कोबा मी घालणार. ढाळ मी काढणार. टाइल नको, घोटलेलं सिमेंट हवं.

"बाई," पंचू म्हणाला, "लोग क्या बोलेंगे? ठेकेदाराची आई मोरीत बसून करनी-थापी चालवते?"

"आयुष्यभर चालवली तेव्हा लोकांनी काय म्हटलं ते ऐकलंय मी. आता आणखी नवं काय म्हणणार?"

सूनबाई मध्ये पडल्या. नंदिनी. "आई, तुम्ही आता आराम करा ना." आराम हा शब्द ती बँकेतून शिकून आली. तिथे तो भरपूर मिळत असावा.

ह्यांचं बोलणं मिलबरोबर बंद पडलं.

४ जानेवारी

पंचू अजून फुगलेला. फुगू दे. फुगलेल्या प्लास्टरला ठोकूनच काढावं लागतं.

८ जानेवारी

ही डायरी सिमेंट कंपनीची आहे. पंचूला फुकट मिळाली, त्याने माझ्याकडे टाकली. योग्य ठिकाणी आली. मी अक्षरं शिकले तीच मुळी सिमेंटच्या पोत्यांवरून. शिकलेली माणसं ग गणपतीचा म्हणून सुरुवात करतात. मी वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य — "नमी से बचाएँ." आणि सगळा जन्म ओल्यात उकिडवं बसून गेला.

मिलच्या चाळीत लग्न होऊन आले तेव्हा हे मिलमध्ये परमनंट. साचेखात्यात. परमनंट हा शब्द हे असा उच्चारायचे की वाटावं पलटणीत सुभेदार झालेत. माझे वडील महूला खरोखर पलटणीत होते, तेही एवढी छाती काढत नसत. मग पहिला संप झाला, परमनंटची चूल विझली, आणि मी शेजारच्या जनाबाईबरोबर कामावर गेले. रेजा म्हणून. डोक्यावर तगारी, तगारीत मसाला, शिडी चढायची, उतरायची. पुरुष मिस्त्री, बाई रेजा. बाईने करनीला हात लावायचा नाही. का, तर भिंत वाकडी होते म्हणे.

पण मोरी! मोरीत बसायला कुणी मिस्त्री तयार नसे. अंधारी जागा, अंग वळत नाही, गुडघे कानाला लागतात. "जा भीमा, तू कर." तशी माझ्या हातात करनी आली. कोपऱ्यातून आली, पण आली. आधी एक मोरी, मग गल्लीतल्या मोऱ्या, मग अख्ख्या कॉलनीच्या. शेवटी मोठमोठे मिस्त्री मालकाला सांगायचे, ढाळ भीमाबाईकडूनच काढून घ्या. तोंड वाकडं करून सांगायचे, पण सांगायचे.

हे मात्र रस्त्यात मी तगारी घेऊन दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बायको घरीच असते."

लिहिता लिहिता अक्षर मोठं मोठं होत चाललंय. व्होल्टेज नाही या चाळीत. बल्ब नुसता लाजतो.

१५ जानेवारी

आज पंचूने मान डोलावली. एक अट — काम रविवारी करायचं, साइटवर मजूर नसताना. म्हणजे कुणी बघणार नाही. मी म्हटलं, चालेल बेटा. तुझ्या आईने तुझी फीसुद्धा कुणी बघत नसताना मिळवली होती.

पेजर वाजला. सुटला बिचारा.

२१ जानेवारी

साइटवर जाऊन आले. इंजिनिअर भेटले, श्रीहरी साहेब. पुण्याहून आलेत. मराठी असं की इस्त्री करून घडी घालून आणलेलं. 'किंचित' म्हणतात. इंदूरमध्ये कुणाला किंचित म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"आजी, आपण लेव्हल ट्यूबने घेऊ या का? किंचित सोपं जाईल."

ट्यूब म्हणजे ती पाण्याची नळी. प्लास्टिकची, पारदर्शक. एक टोक इकडे धरायचं, एक तिकडे, आणि दोन माणसांनी नळीतलं पाणी बघत बसायचं. मी म्हटलं, साहेब, जमीन समोर असताना नळीत काय बघायचं? माझी पद्धत साधी. ओला पंजा फिरवायचा, मग गाल जमिनीला टेकवून एका डोळ्याने आडवं बघायचं. उतार असेल तर दिसतोच.

ते हसले. चांगला मुलगा आहे. पण हसताना पंचूकडे बघून हसला. ते मला दिसलं. एवढं दिसतं मला अजून.

२२ जानेवारी

काल लिहायचं राहिलं. मी एवढी अडून का बसले ते पंचूला कळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

चाळीत नळ एक, तोही अंगणात. लुगड्याचा आडोसा करून आंघोळ. दिवसभर मालकिणींच्या मोऱ्या गुळगुळीत घोटायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन दगडावर पाय घासायचे. माझी स्वतःची मोरी कधी झालीच नाही.

आणि दुसरं. मोरी झाली की माझा रिवाज होता — महूहून आणलेला माझा पितळी लोटा. मालकिणीला बोलवायची. लांबच्या कोपऱ्यात लोटाभर पाणी ओतायची आणि हाताची घडी घालून उभी राहायची. पाणी आपोआप जाळीकडे चालू लागायचं. न ढकलता. मागे थेंब राहायचा नाही. सगळ्या बायका म्हणायच्या, वा भीमाबाई. नव्या मोरीत पहिलं पाणी माझ्या लोट्याचं. मग मी पायऱ्या उतरले की त्याच मालकिणी आत गंगाजळ शिंपडायच्या. मला माहीत होतं. माझ्या ढाळावरून गंगाजळसुद्धा झटकन जायचं, ते एक समाधान.

तर एक मोरी माझ्यासाठी. तीत माझा लोटा. पाणी गेलं तर मी मिस्त्री. राहिलं तर रेजा ती रेजाच. इतकी साधी गोष्ट आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

झालं!

बोटांना अजून सिमेंट चिकटलंय म्हणून अक्षर वाचता येणार नाही. मलाच वाचायचंय, जाऊ दे.

हे बरोबर आले. आपणहून. दर रविवारी मिलच्या गेटवर बंद मिलच्या कामगारांची मीटिंग असते. पाच वर्षं एकही चुकवली नाही. तिथे जाऊन 'मिल चालू होणार' हे ऐकायचं आणि घरी येऊन आम्हाला सांगायचं. आज गेले नाहीत. म्हणाले, "तुला मसाला कोण देणार?"

आणि उचलली की तगारी! परमनंट माणसाने! निम्मा मसाला लेंग्यावर, पाव जिन्यात, उरलेला माझ्यापर्यंत. "पातळ आहे," मी म्हटलं. पुन्हा कालवून आणला. "आता घट्ट." पुन्हा गेले. मी मुद्दामच एकदा जास्त पाठवलं. माझ्या मिस्त्र्यांनी मला पाठवलं होतं तसं. शेवटी दारात धापा टाकत उभे. मी म्हटलं, "काय रेजा, दमलात?"

"तू रोज हे करायचीस?"

"नाही. मी घरीच असायचे."

रिकामी तगारी उचलून पुन्हा मसाला आणायला गेले. बरं वाटलं मला. मग तितकंसं नाही वाटलं.

उजेड कमी होता. खिडकी इतकी लहान ठेवलीय की त्यातून डास आला तरी तिरका यावा लागेल. पण पंजा फिरवला, गाल टेकवला, सगळं लागलं हाताला. घोटून घोटून आरशासारखं केलं. उठताना गुडघ्यांनी शिव्या दिल्या. ह्यांनी हात धरून उठवलं.

१३ फेब्रुवारी

नव्या कोब्याला तराई लागते, म्हणजे रोज पाणी घालून ओलं ठेवायचं, नाहीतर तडकतो. हे रोज टेम्पोने जाऊन तराई करून येतात. मोठ्या रुबाबात. चाळीत सांगतात, "साइटवर चाललो." साइट! दोन बादल्या पाणी ओतायचं, पण ऐट अशी की धरण बांधतायत.

२० फेब्रुवारी

तराई संपली. आज जाळीतला बोळा काढून सगळं पाणी सोडून दिलं ह्यांनी. घरी आले ते तोंड पाडून. चहाही गार केला. विचारलं, "पाणी गेलं?"

"गेलं," म्हणाले.

मग एवढं तोंड करायला काय झालं? चाळ सोडवत नसेल. मलाही सोडवत नाही, पण मी तोंड करत नाही. मी भांडी बांधते.

३ मार्च, रविवार

आलो. फ्लॅटवाले झालो. बुद्धवंदना झाली, बाबासाहेबांचा फोटो पहिल्या खिळ्यावर लागला. सोफ्यावर कुणी बसेना, सगळे आपापल्या सवयीने जमिनीवर. नंदिनीच्या बँकेतल्या बाया आल्या होत्या. त्यांनी आधी अटॅच बघितलं. "टाइल्स कितने प्यारे!" मग मी म्हटलं, आता इकडे या. पंचूने डोळे मिटले.

जनाबाई आली होती. तिला धरून आणावी लागली, कंबर मोडलीय. तिला दारात पाट दिला. लोटा भरला. आणि एवढ्यात हे पुढे! "मी ओततो."

मी म्हटलं, हा माझा लोटा, माझा रिवाज. हे ऐकेचनात. "तुझ्या घरात मी पण काहीतरी करू दे." सगळ्यांसमोर. आता ह्यावर काय बोलणार? दिला. ह्यांनी ओतला, तोही पार जाळीजवळ, तिला अंघोळ घालावी तसा. मी ओरडले, "अहो, लांबून ओता लांबून." पण पाणी गेलं होतं. सुर्रकन. टाळ्या पडल्या. जनाबाई डोळे पुसत म्हणाली, "भीमे, हात तोच आहे गं तुझा."

श्रीहरी साहेबसुद्धा म्हणाले, "आजी, उत्तम." किंचित नाही. उत्तम.

ह्यांना लोटा ओतायचीसुद्धा अक्कल नाही. पण आजचा दिवस मी कुणाला बोलणार नाही.

४ मार्च

बोलले. कालचं आज बोलले.

१२ मार्च

मिलचा भोंगा बंद होऊन पाच वर्षं झाली. ह्यांच्या कानात तो अजून वाजतो. पहिल्या पाळीच्या वेळेला उठतात आणि सरळ मोरीत. नळाला नर्मदेचं पाणी येतं तेव्हा बादल्या भरायच्या असतात म्हणे. पूर्वी ह्यांना नळ कुठल्या बाजूला फिरतो ते ठाऊक नव्हतं.

माझी आंघोळ झाली, दार उघडलं, की हे बाहेर उभेच. मी निघाले की हे आत. मी म्हटलं, काय चाललंय? म्हणाले, "पाळी बदलते."

मोठी बादली जाळीच्या समोरच्या कोपऱ्यात ठेवतात. मी हलवली की पुन्हा तिथेच. मिलवाल्याला एकदा साचा नेमून दिला की तो जागा सोडत नाही.

१४ एप्रिल

महूला जाऊन आलो. गर्दी, उन्हं, निळे झेंडे. ह्यांनी सकाळी निघायला उशीर केला. सगळे खाली टेम्पोत बसलेले आणि हे मोरीत. पंचू खालून ओरडतोय. आले ते बाही कोपरापर्यंत ओली. म्हटलं, अहो, बाबासाहेबांच्या गावाला चाललोय, निदान सुकून या.

महूला जुन्या बराकींजवळून गेलो. वडिलांची आठवण आली. ते म्हणायचे, काम असं कर की मागे बघायला कुणी येऊ नये. नव्या मोरीचं सांगावंसं वाटलं त्यांना.

९ मे

नवल. हे स्वतःचा लेंगा स्वतः धुतात! रोज, माझ्या आंघोळीनंतर. लग्नापासून आजवर ह्यांना साबण म्हणजे हात धुवायची वस्तू एवढंच माहीत होतं. नंदिनी म्हणते, "बाबा किती बदलले." मी म्हटलं, बदलले नाहीत, रिकामे आहेत.

२ जून

शेजारच्या शैलजाबाई आल्या होत्या. त्यांचे यजमान पुण्याकडून कंपनीत आलेत. फार गोड बोलतात, बोलणं संपल्यावर कळतं की तक्रार होती. "काकू, तुमच्या रेलिंगवर रोज काहीतरी... चिंध्या वाळत असतात. बिल्डिंगचा लुक जातो हो."

बघितलं तर चिंध्या नव्हे, वेस्ट! मिलमध्ये यंत्रावरचं तेल पुसायला सुताचा गुंता मिळायचा, त्याला वेस्ट म्हणतात. मिल बंद पडली त्या दिवशी हे एक गाठोडं घेऊन आले होते. लोकांनी पंखे नेले, मोटारी नेल्या, ह्यांनी वेस्ट आणलं. तेव्हापासून खाटेखाली. आता ते बाहेर निघून रेलिंगवर वाळतंय. ओलं कशाने झालं विचारलं तर म्हणाले, "सायकल पुसली."

सायकल पंचूने चाळीतच विकली.

म्हातारं माणूस, असं बोलायचंच. मी शैलजाबाईंना म्हटलं, आमच्याकडे मिल चालू झालीय, तुमच्या यजमानांना सांगा शेअर घ्या.

२३ जून

मिलची मंडळी आज गेटवरून थेट खजरान्याला गेली. मिल चालू व्हावी म्हणून गणपतीच्या मागे उलटं स्वस्तिक काढून आले. नवस पुरा झाला की सरळ काढायचं. मी विचारलं, तुम्ही काय केलंत? म्हणाले, "मी बाहेर चपला सांभाळल्या." सगळ्यांच्या. म्हणजे मिल चालू झालीच तर त्यात ह्यांच्या चपलांचाही वाटा राहील.

हसले मी. हेही हसले. बऱ्याच दिवसांनी.

१८ जुलै

नातीच्या शाळेला सुट्टी. प्रीती आमच्या मोरीत पाय धुवायला गेली, कारण अटॅचमध्ये नंदिनी. आतून ओरडली, "आजी, यहाँ कोपऱ्यात पाणी साचलंय!"

मी उठायच्या आत हे उठले. "मी सांडलं, मी सांडलं. बादली कलंडली." आणि प्रीतीला धरून बाहेर काढलं.

मी फार बोलले ह्यांना. पोरीसमोर. म्हटलं, सांडायला मी मोरी बांधली, आणि तुम्ही माझ्या मोरीचं नाव खराब करताय. माझ्या ढाळावर पाणी साचलं असं पोर उद्या शाळेत सांगेल. मिलवाल्याला एक बादली धरता येत नाही, म्हणूनच मिल बुडाली.

शेवटचं बोलायला नको होतं. पण निघून गेलं तोंडातून.

हे म्हणाले, "खरं आहे."

४ ऑगस्ट

जेवताना ह्यांच्या तोंडात कटकन वाजलं. भातात खडा. मी म्हटलं, खडा का? "नाही, डाळ कच्ची होती." गिळला. तांदूळ मीच निवडते. दुकानदार बदलला पाहिजे.

नंदिनी म्हणते, "आई, डोळे दाखवू या. मोतीबिंदू असेल." मी म्हटलं, डोळे ठीक आहेत, या मल्टीत व्होल्टेज नाही. ती म्हणाली, "व्होल्टेज सबके लिए एक ही आता है आई." बँकेतली बाई. हिशोबाला पक्की.

१९ ऑगस्ट

आज माझा दिवस.

पंचू आणि श्रीहरी साहेब घरी आले. पंचूला दुसऱ्या मल्टीचं काम मिळालंय. पहिल्या मल्टीत तीन-चार घरांतून तक्रार आलीय, मोरीत पाणी राहतं. टाइलवाला कारागीर म्हणतो, "आजकल ऐसा थोड़ा-बहुत चलता है." श्रीहरी साहेब म्हणाले, "आजी, नव्या बिल्डिंगमध्ये ढाळ तुम्ही दाखवाल का? खुर्चीवर बसून. तुमची एकच मोरी आहे जिची तक्रार नाही."

आणि पंचू! ज्याला रविवारी लपवून काम करायला लावायचं होतं, तो म्हणाला, "हाव बाई, तू पण चल. मैं सबको बोलूँगा, माझी आई आहे."

मी म्हटलं, एका अटीवर. नळी बंद. कुणी नळी काढली तर मी खुर्चीवरून उठेन.

हे खिडकीशी उभे होते. एकदम म्हणाले, "आधी डोळे दाखव. साइटवर खड्डे असतात, पडशील."

जळतात. आयुष्यभर हे साइट म्हटली की फुटपाथ बदलायचे, आता म्हणे पडशील. पण दाखवते डोळे. साइटवर पाय वाजवत जायचं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी तोंडावर मारलेली बरी.

२ सप्टेंबर

मोतीबिंदूच. दोन्हीत. उजवा फार पिकलाय. डॉक्टर म्हणे, "माताजी, इतने दिन काम कैसे चला?" मी म्हटलं, हाताने.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. जनाबाईचा निरोप आला, घाबरू नको. मी कशाला घाबरते? मात्र लोटा ह्यांच्याकडे दिला, सांभाळून ठेवा म्हटलं.

२९ सप्टेंबर

पट्टी निघून बरेच दिवस झाले, पण वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, लिहायचं नाही. आज चोरून लिहितेय. नंदिनी मला खोलीतच अंग पुसून देते. पोर गुणाची आहे, इथे लिहिते, तिला सांगणार नाही.

मोरी बघितली नाही कित्येक दिवसांत. पंचू विचारतो, खुर्ची कधी लावू?

५ ऑक्टोबर

चष्मा आला. बाटलीच्या बुडासारखा जाड. घरी येऊन आधी ह्यांच्याकडे बघितलं. केवढे म्हातारे झालेत! मला कुणी सांगितलंच नाही.

भिंतीवर पंचूच्या माणसांनी मारलेली पुट्टी बघितली. लाटाच लाटा. आता साइटवर गेले की एकेकाला बघते.

६ ऑक्टोबर

पंचूला सकाळीच सांगितलं, नव्या मल्टीत ढाळ नळीने घे. श्रीहरी साहेब धरतील एक टोक. खुर्ची लावू नको.

"बाई, तू म्हणतेस हे?"

मी म्हणते.

पहाटे जाग आली होती. चष्मा लावला. मोरीचं दार नुसतं लोटलेलं. हे आत उकिडवे, गुडघे कानाला लागलेले. बादली बाजूला सारलेली. कोपऱ्यात माझ्या ढाळावरचं पाणी उभं होतं. हलत नव्हतं. वरचा बल्ब त्यात अख्खा दिसत होता. हे वेस्टने टिपायचे, जाळीवर पिळायचे, परत टिपायचे. आवाज न करता. धार पडू नये म्हणून पिळताना हात पार जाळीला टेकवत होते.

मी येऊन पडून राहिले.

बाही पुसत बाहेर आले, तेव्हा विचारलं, "पाणी गेलं?"

"सगळं गेलं," हे म्हणाले. "ढाळ कुणाचा आहे."